ब्राह्म्सचं एफ मेजर क्विंटेट हाती लागत नसेल, तर कान मधल्या आवाजांवर ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे बरीच वर्षं ख्यालगायकी ऐकत आलेत आणि अलीकडे पाश्चात्त्य चेंबर म्युझिककडे वळलेत. शूबर्टचं दोन चेलोंचं क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांची रचना, त्यांना पहिल्या दिवसापासून आवडलं आणि ब्राह्म्सच्या क्लॅरिनेट क्विंटेटवर तर त्यांचा जीव जडला. मग त्यांनी ब्राह्म्सचं ओपस ८८, म्हणजे दोन व्हायोलांचं एफ मेजर क्विंटेट लावलं, कारण खुद्द ब्राह्म्सला ते फार प्रिय होतं असं त्यांच्या वाचनात आलं होतं. ते लिहितात, 'चार-पाच वेळा ऐकलं. वाईट वाटत नाही, पण हाती काही लागत नाही. पहिला भाग गोड वाटतो आणि निघून जातो. दुसऱ्यात सगळं गंभीर चाललेलं असताना मध्येच नाच का सुरू होतो ते कळत नाही. तिसरा नुसता धावतो. माझं व्याकरण कमी पडतंय, की ही रचनाच दुय्यम आहे?'

मी व्हायोला वाजवतो आणि शिकवतो. या क्विंटेटमध्ये दोन्ही व्हायोलांच्या जागी बसून वाजवलेलं आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. आधी सरळ सांगतो: रचना दुय्यम नाही आणि तुमचं व्याकरणही कमी पडत नाही. अडचण कान कुठे ठेवायचा याची आहे. आपण गाणं ऐकताना मुख्य आवाज धरतो आणि बाकीच्यांना साथ मानतो. पाश्चात्त्य चौकडी, म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो, ऐकतानाही हीच सवय बऱ्यापैकी चालून जाते, कारण पहिलं व्हायोलिन बहुतेक वेळ वर असतं आणि महत्त्वाचं काही घडलं तर त्याच्याकडेच घडतं. ओपस ८८ मध्ये महत्त्वाच्या गोष्टी मधोमध घडतात. वरच्या आवाजाच्या मागे गेलात, तर तुम्हाला एक प्रसन्न, थोडीशी साधी रचना ऐकू येईल. तेवढंच तुमच्या हाती लागतंय, असा माझा अंदाज आहे.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही हे फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल, तर पुढचं सगळं वाचूनही फारसा फरक पडणार नाही. लहान स्पीकर खालचे सूर देतच नाही, मग व्हायोला आणि चेलो एकमेकांत मिसळून एक अस्पष्ट गुंजारव तेवढा उरतो. बरे हेडफोन घ्या. दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. काही मुद्रणांत पहिलं व्हायोलिन इतकं पुढे ठेवलेलं असतं की मधले आवाज त्याच्यामागे दडून जातात. त्याबद्दल शेवटी सांगतो.

आधी दोन व्हायोलांनी नेमकं काय बदलतं ते पाहू. व्हायोला व्हायोलिनपेक्षा एक पंचम खाली लावलेलं असतं, सी-जी-डी-ए अशा तारांत. त्या पट्टीच्या मानाने वाद्याची पेटी खरं तर बरीच मोठी हवी होती, पण तेवढं मोठं वाद्य हनुवटीखाली धरता येणार नाही. म्हणून आकारात तडजोड झाली. व्हायोलाचा झाकलेला, किंचित नाकातला, घोगरा आवाज येतो तो त्या तडजोडीतून. चौकडीत व्हायोला एकटंच असतं आणि मधली जागा भरून ठेवणं हे त्याचं काम असतं. ते गायला वर गेलं की मध्ये पोकळी पडते. दुसरं व्हायोला आलं की ही अडचण सुटते: पहिलं गातं, दुसरं जागा राखतं.

मोत्सार्टला हे फार नेमकं कळलं होतं. त्याच्या १७८७ च्या जी मायनर क्विंटेटचं, के. ५१६ चं, सुरुवातीचं एखादं मिनिट लावून बघा. आधी दोन व्हायोलिनं आणि पहिलं व्हायोला असे वरचे तिघंच वाजवतात. मग व्हायोलिनं थांबतात आणि तीच चाल पहिलं व्हायोला खाली घेऊन येतं, सोबतीला दुसरं व्हायोला आणि चेलो. एकच व्हायोला आधी वरच्या तिघांत तळाला आहे आणि लगेच खालच्या तिघांत माथ्यावर. ही अदलाबदल कानांना स्पष्ट ऐकू येईपर्यंत तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा ऐका. ओपस ८८ साठी याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

शूबर्ट तुम्हाला लगेच आवडलं त्याचंही कारण इथेच आहे. त्याच्याकडे जादा वाद्य चेलो आहे. पहिल्या भागात दोन चेलो मिळून दुसरी चाल गातात, तेव्हा ती ऐकू न येणं शक्यच नाही. चेलोचा उंच आवाज स्वतःहून पुढे येतो. व्हायोला तसा पुढे येत नाही, त्याच्याकडे आपल्याला जावं लागतं.

ब्राह्म्स या वाटेवर कसा आला तेही थोडं सांगतो, कारण ओपस ८८ मागे वीस वर्षांची एक जुनी खोच आहे. १८६२ मध्ये त्याने एफ मायनरमध्ये एक तंतुवाद्यांचं क्विंटेट लिहिलं होतं, शूबर्टसारखंच दोन चेलोंचं. व्हायोलिनवादक योआखिमसारख्या जिवलग मित्राने आधी कौतुक केलं, पण प्रत्यक्ष वाजवून पाहिल्यावर त्याला ते ध्वनीच्या अंगाने खटकलं. ब्राह्म्सने त्याची दोन पियानोंसाठी सोनाटा केली आणि नंतर त्यातून आज प्रसिद्ध असलेलं पियानो क्विंटेट, ओपस ३४, तयार झालं. मूळ तंतुवाद्यांची प्रत त्याने नष्ट केली. त्यानंतर पुढची वीसेक वर्षं त्याने तंतुवाद्यांच्या क्विंटेटला हात लावला नाही.

१८८२ च्या वसंतात ऑस्ट्रियातल्या इश्ल या डोंगरातल्या गावी त्याने क्विंटेट पुन्हा हाती घेतलं, तेव्हा जादा वाद्य म्हणून व्हायोला निवडलं. वय एकोणपन्नास. आदल्याच वर्षी बी फ्लॅट पियानो कॉन्चेर्तो पूर्ण झाला होता आणि सी मेजरचं पियानो त्रिकूट, ओपस ८७, हे याच मुक्कामात हातावेगळं होत होतं. क्विंटेट वेगाने लिहून झालं. प्रकाशक झिमरॉकला त्याने कळवलं की इतकी सुंदर रचना तुम्हाला माझ्याकडून यापूर्वी मिळालेली नाही. ब्राह्म्स स्वतःच्या कामाबद्दल असं बोलणाऱ्यांतला नव्हता. पत्रांत तो आपल्या रचनांना बहुधा कमीच लेखायचा. म्हणून हे वाक्य मी गंभीरपणे घेतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्रँकफर्टला ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजलं.

आता रचनेकडे वळू. तुमचा कान हिंदुस्थानी संगीतात तयार झालाय, म्हणून मी ते सरगमच्या भाषेतच सांगतो. एफ हा षड्ज माना. सुरुवातीला खाली षड्ज-पंचमाचा शांत आधार आहे, एफ आणि सी, आणि त्यावर पहिलं व्हायोलिन एक मोकळी, खुल्या माळावरची चाल वाजवतं. सगळे स्वर शुद्ध, बिलावल थाटातले. इथवर तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. मग दुमडलेल्या लयीचा एक ठसकेबाज मजकूर येतो, आवाज वाढतो आणि थोड्याच वेळात सगळं निवळून पहिलं व्हायोला एक झुलती, डौलदार चाल सुरू करतं. माझ्या मते या क्विंटेटचं दार इथे उघडतं. ही चाल ए मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या षड्जाच्या शुद्ध गंधारावर.

गंधाराला षड्ज मानणं तुम्हाला नवीन नाही. मूर्छनेने आपण हेच करतो, पण तेव्हा स्वर तेच राहतात: बिलावलच्या गंधारावरून सुरुवात केली की भैरवी थाट दिसतो. ब्राह्म्स तसं करत नाही. तो सबंध बिलावलच उचलून गंधारावर नेऊन ठेवतो. त्यामुळे मूळचे काही स्वर बदलावे लागतात, आणि त्यातला सगळ्यात मोठा बदल पंचमाचा आहे. एफ मेजरमधला सी, म्हणजे आपला पंचम, ए मेजरमध्ये सी शार्प होतो. आपल्याकडे पंचम अचल. तंबोऱ्यावर ज्याच्या जोरावर सगळं उभं असतं, तोच स्वर अर्ध्या सुराने वर सरकतो. व्हायोला ती चाल घेतं तेव्हा उजेड अचानक बदलल्यासारखा वाटतो तो यामुळे. सुरुवातीचा षड्ज-पंचम मनात धरून ठेवा आणि व्हायोलाची चाल आली की तो मनातला पंचम गुणगुणून बघा. तो बसणार नाही. ती टोचणी एकदा जाणवली की हा भाग गोड वाटून निघून जाणार नाही.

या चालीत लयीचंही एक काम आहे. व्हायोला मात्रेचे तीन तुकडे करून झुलत असतं, तेव्हा आजूबाजूला दोनाची चाल चालू असते. दोनाला तीन. तालमीत हा तुकडा बसवताना मी नेहमी आधी मुख्य चाल गप्प करतो आणि उरलेल्या चौघांना वाजवायला सांगतो. साथ स्वतःच्या पायावर सरळ चालायला लागली की मग व्हायोलाला आत घेतो. उलट केलं तर सगळे व्हायोलाच्या झोक्याबरोबर वाहून जातात, दोन आणि तीन एकमेकांत विरघळतात आणि गंमत जाते. ऐकतानाही हेच करून बघा: एकदा फक्त चालीकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा चालीकडे दुर्लक्ष करून तिच्याखाली काय चाललंय ते ऐका.

मधला विस्ताराचा भाग आणि पुनरागमन याबद्दल इथे फार लिहीत नाही. वरची दोन स्थानं कानात बसली की तिथला प्रवास तुमचा तुम्हाला कळेल.

दुसऱ्या भागात मात्र थांबायला हवं. तुमचा मुख्य प्रश्न तिथलाच आहे आणि ब्राह्म्सच्या सगळ्या चेंबर म्युझिकमधलं माझं सर्वात आवडतं पानही तिथेच आहे.

नेहमीच्या रचनेत चार भाग असतात, त्यात एक संथ आणि एक नाचाच्या अंगाचा. ओपस ८८ मध्ये तीनच आहेत, कारण ब्राह्म्सने ते दोन एकात गुंफले आहेत. क्रम असा: संथ आणि भारलेला 'ग्रावे', मग हलका 'आल्लेग्रेत्तो विवाचे', पुन्हा ग्रावे, मग वेगवान 'प्रेस्टो' आणि शेवटी तिसऱ्यांदा ग्रावे. हे प्रेस्टो म्हणजे नवीन काही नाही, आधीचं आल्लेग्रेत्तोच नव्या वेगात आणि नव्या मापात आलेलं आहे. तुम्ही मध्येच सुरू होणारा नाच म्हणता तो हाच, आणि तो दोनदा येतो. चार वर्षांनी ए मेजरच्या व्हायोलिन सोनाटात त्याने हीच युक्ती पुन्हा वापरली, फक्त बरीच हलक्या हाताने.

नाच का, याचं एक उत्तर त्याच्या जुन्या वह्यांत आहे. १८५० च्या दशकाच्या मध्यावर, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, ब्राह्म्सने पियानोसाठी जुन्या दरबारी नाचांच्या धर्तीवर काही तुकडे लिहिले होते, त्यांत साराबांद आणि गावोत होते. पियानोवादक क्लारा शुमानने ते जाहीर कार्यक्रमांत वाजवलेही, पण हयातीत ते त्याने छापू दिले नाहीत. पंचवीसेक वर्षांनी त्याने तेच बाहेर काढले. ग्रावेचा पाया साराबांदचा आहे आणि आल्लेग्रेत्तोचा गावोतचा. म्हणजे ग्रावे हाही मुळात नाचच आहे, तीन मात्रांचा, दुसऱ्या मात्रेवर वजन टाकणारा, जड पावलांचा. ग्रावे ऐकताना एक-दोन-तीन मोजून दुसऱ्या मात्रेकडे लक्ष द्या. आल्लेग्रेत्तो त्याच्या शेजारी परका वाटणार नाही. दोन्ही एकाच जुन्या संचातले नाच आहेत.

दुसरं उत्तर ध्वनीत आहे आणि ते वाजवणाऱ्याला बोटांतून कळतं. पाचही वाद्यांच्या मोकळ्या तारा मिळून स्वर पाचच: सी, जी, डी, ए, ई. पहिला भाग एफ मेजरमध्ये, आणि हे पाचही स्वर एफ मेजरच्या सप्तकात बसतात. त्यामुळे एखादा स्वर नेमका लागला की त्याच्याशी जुळणारी मोकळी तार, तिला स्पर्श न करताही, सारंगीच्या तरफेसारखी आपसूक घुमते. वाद्य आपल्या बाजूने बोलतं. ए मेजरमध्येही ए, डी, ई या तारा घुमत राहतात. ग्रावे आहे सी शार्पवर, कधी मेजर, कधी मायनरच्या छायेत. सी शार्प मेजरमध्ये या मोकळ्या तारांचा आधार जवळजवळ मिळतच नाही. धनुष्य तेवढाच दाब देतं, बोटं तेवढीच नेमकी पडतात, पण घुमारा येत नाही. आवाज आतल्या आत कोंडतो. मी पहिल्या भागाची शेवटची एफ मेजरची कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी लावलेले सूर, संपवून ग्रावेचे पहिले सूर लावतो, तेव्हा हातातलं वाद्य लहान झाल्यासारखं वाटतं. तुम्हाला जो काळोख ऐकू येतो, त्यात हा लाकूड-तारांचा भाग मोठा आहे. मग आल्लेग्रेत्तो ए मेजरमध्ये येतं आणि तारा पुन्हा बोलू लागतात. ते केवळ चालीमुळे हलकं वाटत नाही, वाद्यंच मोकळी होतात.

आता मघाचा पंचम आठवा. पहिल्या भागात तो अर्ध्या सुराने वर चढला आणि आपल्याला टोचला. तोच सी शार्प इथे सबंध भागाचा षड्ज होऊन बसलाय. आणि आणखी एक नातं आहे. सी शार्प मेजर कॉर्डचा मधला स्वर, तिचा गंधार, पियानोवर बघितलात तर तीच पट्टी, जी पहिल्या भागात षड्ज होती. नाव तेवढं बदललं: तेव्हा एफ, आता ई शार्प. म्हणजे घरचा षड्ज नाहीसा झालेला नाही, तो परक्या ठिकाणी गंधार होऊन बसला आहे. एफ, ए आणि सी शार्प, आपल्या भाषेत सा, शुद्ध ग आणि कोमल ध, ही तीन स्थानं सप्तकाचे अगदी समान तीन भाग करतात. या क्विंटेटचा मोठा आराखडा या तीन खांबांवर उभा आहे, आणि तो समजायला पाश्चात्त्य व्याकरणाची एकही परीक्षा द्यावी लागत नाही. तुमचा कान पुरेसा आहे.

पाच जणांनी मिळून हा ई शार्प कुठे लावायचा, यावर तालमीत बराच वेळ जातो. मोकळ्या तारांचा आधार नाही, त्यामुळे प्रत्येकाचा अंदाज थोडा वेगळा पडतो. आम्ही चेलोचा सी शार्प पक्का करतो, मग त्यावर पंचम बसवतो आणि गंधार सगळ्यात शेवटी, जरा खालच्या अंगाने आत सोडतो. तो बरोबर बसला की कॉर्ड एकदम शांत होते. एखाद्या चांगल्या मुद्रणात ग्रावेमधल्या लांब मेजर कॉर्डकडे कान लावून बघा. ती थरथरत नाही, निश्चल उभी राहते.

ग्रावे ऐकताना आधी चेलो धरा. सूर सगळे खालच्या पट्टीत, गडद, पण चेलोची ओळ त्यात स्पष्ट बोलते. ग्रावे पुन्हा येतो तेव्हा तोच मजकूर वेगळ्या विणीत, अधिक भरीव होऊन येतो. तिसऱ्यांदा तो परतला की शेवटच्या पानासाठी तयार राहा. संगीत सी शार्पवर विसावेल असं वाटतं, मग ए मेजरकडे झुकतं. दोन्ही कॉर्ड आळीपाळीने समोर येतात आणि घर नेमकं कुठलं हे शेवटपर्यंत सांगता येत नाही. भाग सी शार्पवर सुरू झालाय, म्हणजे रीतसर तिथेच संपायला हवा. तो संपतो ए मेजरवर, म्हणजे नाचाच्या स्वरात. तुम्ही विचारलंत की नाच मध्येच का येतो. माझं उत्तर असं आहे की या भागात ग्रावे आणि नाच यांच्यात एक बोलणी चालली आहे, आणि शेवटचा शब्द नाचाच्या सुराला मिळतो, पण तो उच्चारतो ग्रावे, ग्रावेच्याच संथ लयीत. हे कळण्यासाठी सबंध भाग एका बैठकीत ऐकावा लागतो. तुकड्यांत ऐकलात तर नाच घुसखोर वाटणारच.

तिसऱ्या भागाबद्दल थोडक्यात. दोन जोरकस कॉर्ड पडतात आणि व्हायोला एकटं धावायला लागतं, मग इतर वाद्यं एकामागून एक तोच मजकूर घेऊन त्यात शिरतात. ही फ्यूगची पद्धत. बीथोव्हनच्या तिसऱ्या राझुमोव्स्की चौकडीचा शेवटचा भागही व्हायोलाच्या अशाच धावत्या फ्यूगने सुरू होतो, आणि ब्राह्म्सच्या मनात तो असणार याबद्दल मला शंका नाही. तुम्ही म्हणता हा भाग नुसता धावतो. पुढे वर एक लांब, गाती चाल येते तेव्हा खाली काय आहे ते ऐका: तोच धावता फ्यूगचा मजकूर आता साथ झालाय. आधीचा नायक दुसऱ्याचा ठेका धरून बसतो. हा भाग बाकी दोघांच्या मानाने आखूड आहे आणि बरेच जण तो हलका मानतात. मला तसं वाटत नाही. दुसऱ्या भागानंतर आणखी एखादा मोठा, विचारमग्न भाग कुणालाच पेलला नसता. मात्र वाजवणाऱ्यांनी शेवटच्या प्रेस्टोसाठी वेग राखून ठेवायला हवा. सुरुवातच उधळून केली तर तुम्हाला आला तोच अनुभव येतो.

मग हे कमी का वाजतं? कारणं बरीचशी व्यवहाराची आहेत. कायमच्या चौकडीला दुसऱ्या व्हायोलासाठी पाहुणा बोलवावा लागतो, त्याच्याबरोबर तालमी कराव्या लागतात, आणि एवढा खटाटोप करायचाच तर आयोजक शूबर्ट किंवा मोत्सार्ट मागतात. शिवाय ब्राह्म्सचंच दुसरं क्विंटेट, १८९० चं जी मेजर, ओपस १११, शेजारी उभं आहे. त्याची सुरुवात अशी की वरची चारही वाद्यं झगमगाट करत असतात आणि खालून चेलो सगळ्यांना भेदून गातो. त्या चेलोला ऐकू येण्यासाठी इतकं झगडावं लागतं की योआखिमनेही तक्रार केली होती. पण पहिल्या दहा सेकंदांत सभागृह ताब्यात येतं. ओपस ८८ असं ओढून घेत नाही, ते शांतपणे सुरू होतं आणि त्याची मोठी गोष्ट दुसऱ्या भागाच्या अखेरीस घडते. दोघांत मला कुठलं वाजवायला आवडेल विचारलंत, तर हेच.

मुद्रणांबद्दल. अमादेउस चौकडीने सेसिल ॲरोनोविट्झ यांना दुसऱ्या व्हायोलासाठी घेऊन केलेलं जुनं मुद्रण उबदार आहे, पहिल्या भागासाठी मी ते सुचवतो. हागेन चौकडीचं जेरार कोसे यांच्यासोबतचं मुद्रण अधिक पारदर्शक आहे, मधले आवाज सुटे ऐकू येतात, त्यामुळे वर सांगितलेला अभ्यास करायला ते सोयीचं. ताकाच चौकडी आणि लॉरेन्स पॉवर यांचं मुद्रण दोन्हींच्या मध्ये बसतं, आणि एकच घ्यायचं असेल तर मी ते घेईन. स्वरलिपी वाचता येत नसली तरी आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्या आणि ऐकताना फक्त वरून तिसरी ओळ, म्हणजे पहिल्या व्हायोलाची ओळ, डोळ्यांनी धरा. ठिपके कुठे दाट होतात, कुठे विरळ, एवढं दिसलं तरी कानाला दिशा मिळते.

क्रम असा ठेवा: के. ५१६ ची सुरुवात, मग ओपस ८८ चा दुसरा भाग सलग, मग पहिला भाग त्या सरकलेल्या पंचमाच्या शोधात, आणि हे पुरेसं झाल्यावर सबंध रचना. एका दिवसात उरकू नका, मध्ये ख्याल ऐका.

हे रुजलं की याच कुळातल्या आणखी दोन रचना तुमची वाट पाहताहेत, दोन्ही दोन व्हायोलांच्याच. मेंडेल्सझोनचं १८४५ चं बी फ्लॅट मेजर क्विंटेट, ओपस ८७, त्यातला डी मायनरमधला संथ भाग आधी ऐका. त्या माणसाला केवळ हलकंफुलकं लिहिता येत होतं हा समज तिथे गळून पडतो. आणि ब्रुकनरचं १८७९ चं क्विंटेट, तेही एफ मेजरमध्येच. त्याचा अदाजो मात्र जी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे घरच्या षड्जाच्या कोमल रिषभावर. ओपस ८८ नंतर तिथे गेलात, तर षड्ज हलवण्याची ब्रुकनरची तऱ्हा ब्राह्म्सपेक्षा किती वेगळी आहे ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.